एक ते पाच

उलानबातरच्या उत्तरेला, जिथं डांबरी रस्ता संपतो
आणि कुंपणांच्या फळ्या टेकडी चढू लागतात,
त्या थांब्यावर मी सकाळी सहापासून उभी.
उणे सत्तावीस.
ऑफिसनं दोन पेनं दिलीत :
एक लिहायला,
तोवर दुसरं काखेत, वितळायला.
पूर्ण भरलेल्या फॉर्मचे आठशे तुग्रुग.
अर्धवट फॉर्मचं काही नाही.

प्रश्न एक. आपण किती वेळ वाट पाहत आहात?

कोळशाच्या धुरात वाट अशी दिसतच नाही.
दिसतात चार पत्रे, एक कुत्रा,
मग सगळं राखाडी.
तरी तीसेक माणसं एकाच बाजूला माना वळवून
तिलाच पाहतायत.

"अर्धा तास," सेरोद म्हणतो.
माझ्या घड्याळात त्याला येऊन अकरा मिनिटं झालीत.
सूचनेत छापलंय : प्रवासी सांगेल तेच लिहावे.
मी तीस लिहिते.
त्याच्या मिशांवर गोठलेला श्वास बघता
तीसच बरोबर असावेत.

प्रश्न चार. प्रतीक्षेमुळे आपला किती खर्च होतो?

बसला पाचशे. खाजगी गाडीवाला तीन हजार.
"आत्ता गाडी पकडली तर मागचा अर्धा तास पाण्यात,
नाही पकडली तर पुढचा."
पाण्यात म्हणायलाही इथलं पाणी
नोव्हेंबरपासून दगड झालेलं.
तो हसतो, एका गाडीला हात करतो,
हात खाली घेतो,
परत करतो. जातो.
तीन हजार, अधिक अर्धा तास,
अधिक माझा एक फॉर्म.

दुलमा मात्र जागची हलत नाही.
नमद्याचे बूट, पाठीला पिशवी, गालांवर लाल चट्टे.
"दातांच्या दवाखान्यात फरशी पुसते.
दहा मिनिटं उशीर झाला की तासाचे पैसे कापतात.
म्हणून मी तासभर आधीच निघते.
बस वेळेवर आली, तर बंद दारापाशी
पायरीवर बसून राहते.
ते कुठं लिहिणारेस, सांग?"
मी फॉर्म उलटा करून बघते.
मागची बाजू कोरी आहे,
पण ती कुणी वाचत नाही.

खरं सांगू?
बस रखडली की माझं काम होतं.
वीस मिनिटांत चार माणसं, बत्तीसशे तुग्रुग.
लोक पाय आपटत, नाक पुसत उभे असतात
आणि मी मनातल्या मनात म्हणते, आणखी थोडं.
हा प्रश्न कुणी छापलेला नाही.
बरंय.

प्रश्न सात. या सेवेबद्दल आपले समाधान, एक ते पाच…

दुलमा तोंड उघडते
आणि धुरातून दोन पिवळे दिवे.
मघाशी जे मला म्हणत होते, शून्य लिही,
शून्य नसेल तर खाडून लिही,
तेच आता "आली, आली!"
लेक माहेरी यावी तसे पुढं धावतात.
तीच बस. तोच चिडका ड्रायव्हर.
काच तेवढी आणखी फुटलेली.

"एक ते पाच!" मी ओरडते. "आकडा सांगा!"
दुलमा वरच्या पायरीवरून वळते,
दार मिटता मिटता हात वर करते.
मेंढीच्या कातड्याचा जाड हातमोजा,
अंगठा वेगळा,
बाकी सगळी बोटं एकाच पिशवीत.

एक असेल. चार असतील.
नुसताच निरोप असेल.

बसच्या मागे धूर पुन्हा मिटतो.
मी सातव्या रकान्यावर पेन टेकवते.
आठशे तुग्रुग.
शाई येते ती एवढीच :
ठिपका पडतो, आकडा होत नाही.
तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत येऊन
शेजारी उभं राहतं,
विचारतं,
"गेली का?"